ज्याचं त्याचं वारं

सायकलच्या शर्यतीइतका फसवा खेळ दुसरा नसेल. नाव शर्यतीचं, पण बघायला बसावं तर दीडशे-पावणेदोनशे माणसं एकमेकांना खेटून, गप्पा मारत, खिशातली केळी खात वारीला निघाल्यासारखी चाललेली. असं चार-चार तास. मधूनच एखादा पुढे सटकतो. पंगतीत वाढप व्हायच्या आधीच लाडवाला हात घालणाऱ्याकडे बघावं तसं बाकीचे त्याच्याकडे बघतात आणि सोडून देतात. तो दमला की सावकाश त्याला गाठतात आणि पुन्हा घोळक्यात आणून बसवतात. शेवटच्या दोन मिनिटांत मात्र सगळे एकदम पिसाळतात, कोणीतरी एकजण दोन्ही हात वर करतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा केळी.

टूर द फ्रान्स म्हणतात ती हीच. एकवीस टप्पे, मध्ये एक-दोन दिवस विश्रांती, आणि एकूण अंतर साडेतीन हजार किलोमीटरच्या आतबाहेर. प्रत्येकाचा रोजचा वेळ टिपायचा, एकवीस दिवसांची बेरीज करायची आणि ज्याची बेरीज सगळ्यांत कमी तो पहिला. आमच्या वेळी शाळेत ही पद्धत असती, तर माझ्या कित्येक वर्गबंधूंच्या तसबिरी आज शाळेच्या हॉलमध्ये लागलेल्या दिसल्या असत्या.

आता मी काही सायकलपटू नव्हे. पण संगीत नाटकावर लिहिणाऱ्याला कुठे ताना घेता येतात? जुलै महिन्यात बाहेर पाऊस, आत टीव्ही आणि हातात चहा एवढ्या भांडवलावर मी गेली अनेक वर्षं या शर्यतीची समीक्षा करत आलो आहे. आणि या एकवीस अंकी नाटकाबद्दल माझं एक ठाम मत झालं आहे. डोंगर, दऱ्या, पडापडी, हात वर करणं हे सगळं ठीक. पण नाटक उभं राहतं किंवा कोसळतं ते एकाच प्रवेशावर. तो प्रवेश म्हणजे टाइम ट्रायल.

त्या दिवशी घोळका नसतो. एकेकजण एका उतरत्या फळीवरून एकटाच सुटतो, मिनिटा-दोन मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. कोणी कोणाच्या मागे लपायचं नाही. ज्याने त्याने आपली वाट आपण कापायची आणि घड्याळ दाखवील तो आपला वेळ. पहिल्यांदा हा प्रकार आमच्या हिने पाहिला तेव्हा मेथी निवडता निवडता तिने विचारलं, "आज सगळे एकेकटे का चाललेत? भांडणं झाली का?"

मी समजावून सांगितलं. ती दोन जुड्या होईपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे इतके दिवस दुसऱ्याच्या पाठीमागे बसून आलेत, त्यांची आज पंचाईत."

टाइम ट्रायलवर इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यातलं मी जे वाचलं, त्यात या वाक्याच्या पुढे गेलेलं फारसं काही नाही.

दुसऱ्याच्या पाठीमागे बसणं म्हणजे काय, हे ज्यांनी पुण्यात ऐन जून महिन्यात पश्चिमेकडे तोंड करून सायकल हाणली आहे त्यांना सांगायला नको. समोरून वारा असा येतो, की पॅडल मारूनही आपण त्याच विजेच्या खांबापाशी आहोत असं वाटावं. कॉलेजच्या दिवसांत आम्ही पाच-सहाजण मिळून जायचो. त्यात एक रुंद पाठीचा मित्र होता, त्याच्या मागे जागा मिळवण्यासाठी धक्काबुक्की चाले. आणखी एकजण असा होता, की वाऱ्याच्या दिवशी तो कधीही पुढे आला नाही. आम्ही सगळे त्याला नम्र समजत असू. पुढे तो सरकारी खात्यात खूप वर चढला.

शास्त्र एवढंच आहे. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो आणि तो तोडायला लागणारी ताकद आठपट. ताशी पन्नास किलोमीटरने जाणाऱ्या माणसाची बहुतेक सगळी मेहनत हवा बाजूला सारण्यात जाते, चाक फिरवण्यात नव्हे. पुढच्याच्या पाठीला चिकटून गेलं तर त्यातली पाव ते तिसरा हिस्सा मेहनत वाचते, घोळक्याच्या पोटात तर त्याहून जास्त. म्हणून आठ-आठ जणांचे संघ असतात. त्यातला एक नवरदेव आणि सात वऱ्हाडी. सातांनी आळीपाळीने वारं अंगावर घ्यायचं, पाण्याच्या बाटल्या आणून द्यायच्या, वेळ पडली तर आपलं चाकही काढून द्यायचं. या लोकांना फ्रेंच भाषेत जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ घरगडी.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त बँक मॅनेजर राहतात. त्यांना खेळाचं वावडं आहे, पण व्यवहार चटकन कळतो. मी हे सगळं सांगितल्यावर म्हणाले, "अहो, म्हणजे हा उधारीचा धंदा झाला. रोज दुसऱ्याच्या भांडवलावर चालायचं. आणि ही तुमची टाइम ट्रायल म्हणजे एकतीस मार्च."

मला हे फार आवडलं. एकतीस मार्चला सगळी खाती उघडी पडतात. कोणाकडे खरोखर शिल्लक होती आणि कोण नुसताच या खात्यातून त्या खात्यात फिरवत होता, ते त्या दिवशी कळतं. फक्त प्रश्न असा, की एकतीस मार्च कधी यावा?

हा प्रश्न वाटतो तेवढा बाष्कळ नाही. टूर सुरू झाली १९०३ मध्ये. ती सुरू करणाऱ्या वर्तमानपत्राचे संपादक आंरी देग्रांज यांना घोळक्याची मनापासून चीड होती. सपाट रस्त्यावर लोक वेळ काढत जातात म्हणून १९२७ मध्ये त्यांनी बहुतेक सपाट टप्प्यांना संघच वेगवेगळे, पंधरा-पंधरा मिनिटांनी सोडून पाहिले. शेवटी १९३४ मध्ये एकेकट्याची टाइम ट्रायल टूरमध्ये आली. ला रोश-स्युर-यों ते नांत, नव्वद किलोमीटर. जिंकली आंतोनँ मान्य याने, आणि ती टूरही त्यानेच जिंकली. म्हणजे पहिल्याच खेपेला हिशेब जुळला. तेव्हापासून दर वर्षी मार्ग आखणारी मंडळी ही टाइम ट्रायल किती लांब असावी आणि कितव्या दिवशी असावी याचा घोळ घालत आली आहेत. मुलीकडच्या जेवणात किती भाज्या आणि जिलबी आधी की मठ्ठा आधी, यावर होणाऱ्या चर्चेइतकाच तो घोळ गंभीर असतो. २०१२ मध्ये शंभर किलोमीटरच्या वर टाइम ट्रायल होती. तीनच वर्षांनी, २०१५ मध्ये, एकेकट्याच्या वाट्याला आली अवघी १३.८ किलोमीटर.

त्या दिवशीचा सुटण्याचा क्रमही मोठा नामी असतो. यादीत जो सगळ्यांत मागे, तो सकाळी आधी सुटतो. जो सगळ्यांत पुढे, पिवळी जर्सीवाला, तो सगळ्यांत शेवटी. आपल्याकडे मैफलीत असंच असतं. नवशिके आधी गाऊन घेतात, लोक येत-जात असतात, चहा पीत असतात, आणि बुजुर्ग बुवा शेवटी बसतात. फरक एवढाच, की बुवांच्या आधी कोण कसं गायलं यावर बुवांची बिदागी ठरत नाही. इथे ती ठरते.

आणि ती कशी ठरते याचा नमुना पाहायचा तर २३ जुलै १९८९ कडे जायला हवं.

त्या वर्षी दोन माणसं भांडत होती. एक पॅरिसचा लोराँ फिन्यों: गोल काड्यांचा चष्मा, सोनेरी केसांची शेंडी, १९८३ आणि १९८४ ची टूर खिशात, आणि नुकतीच इटलीची मोठी शर्यतही जिंकून आलेला. दुसरा अमेरिकेचा ग्रेग लेमाँड. याने १९८६ ची टूर जिंकली होती. पण पुढच्याच वर्षी शिकारीला गेला असता त्याच्या मेव्हण्याची गोळी झुडपातून त्यालाच लागली. जीव वाचला, पण छऱ्यांचे कितीतरी दाणे अंगात तसेच राहिले. (मेव्हण्यांबद्दल मराठी साहित्यात बरंच लिहून झालं आहे. ही एक बाजू राहिली होती.) दोन वर्षं हा माणूस संपला असंच सगळे धरून चालले होते.

पाचव्या टप्प्यापासून पिवळी जर्सी या दोघांतच फिरत राहिली. टाइम ट्रायल आली की लेमाँडच्या अंगावर, डोंगर आला की फिन्योंच्या. आणि संपूर्ण शर्यतीत दोघांमधलं अंतर एकदाही मिनिटावर गेलं नाही. शेवटचा दिवस उजाडला तेव्हा फिन्यों पन्नास सेकंदांनी पुढे होता.

एरवी शेवटचा दिवस म्हणजे पॅरिसमध्ये मिरवणूक. शँपेनचे ग्लास हातात घेऊन सायकलवर बसल्या बसल्या फोटो काढून घेतात. पण त्या साली फ्रेंच राज्यक्रांतीला दोनशे वर्षं होत होती आणि शेवटी ठेवली होती टाइम ट्रायल: व्हर्साय ते पॅरिस, साडेचोवीस किलोमीटर. मार्ग आखणाऱ्यांच्या मनात काय होतं कोण जाणे. पण राजाला व्हर्सायहून पॅरिसला आणायचं आणि मग त्याचं काय होतं ते बघायचं, ही त्या देशाची दोनशे वर्षांपूर्वीची रीत.

साडेचोवीस किलोमीटरमध्ये पन्नास सेकंद म्हणजे दर किलोमीटरला दोन सेकंद भरून काढायचे. फ्रान्समधल्या बहुतेकांनी हा भागाकार केला आणि निश्चिंत होऊन जेवायला बसले. एका गोष्टीचा हिशेब मात्र बाहेर कोणाकडे नव्हता. फिन्योंला बसण्याच्या जागी गळू झालं होतं. तीन हजार किलोमीटर सायकलच्या सीटवर घासून झालेलं गळू. ज्या माणसावर अख्ख्या देशाची नजर आहे, त्याच्या सगळ्या चिंता अशा एका जागी येऊन बसाव्यात, की जिच्याबद्दल चारचौघांत बोलताही येऊ नये!

लेमाँड दोन मिनिटं आधी सुटला. त्याच्या हँडलला पुढे दोन दांड्या जोडलेल्या होत्या. पोहणं, सायकल आणि पळणं अशी तिहेरी शर्यत करणाऱ्या मंडळींकडून उचललेली कल्पना. दोन्ही कोपरं त्यावर टेकून, हात जोडल्यासारखे पुढे करून, तो पाठ सपाट करून बसला. डोक्याला मागे निमुळतं होत गेलेलं शिरस्त्राण. वाटेत मला कोणाचे वेळ सांगू नका, असं त्याने आपल्या लोकांना बजावून ठेवलं होतं. मागून फिन्यों आला तो बोडक्याने, नेहमीच्या हँडलवर, शेंडी वाऱ्यावर उडवत.

लेमाँडने २६ मिनिटं ५७ सेकंदांत अंतर कापलं; ताशी साडेचोपन्न किलोमीटर. मग शाँझेलिझेवर उभा राहून तो घड्याळाकडे बघत राहिला. फिन्यों दिसत होता, घड्याळ पळत होतं. फिन्योंचा वेळ लागला २७ मिनिटं ५५ सेकंद. अठ्ठावन्न सेकंद जास्त. पन्नास होते, अठ्ठावन्न गेले. बाकी आठ.

३,२८५ किलोमीटर, सत्याऐंशी तासांवर वेळ, आणि फरक आठ सेकंदांचा. शर्यतीच्या सरासरी वेगाने मोजलं तर ऐंशी-पंच्याऐंशी मीटर. आमच्या दारापासून वाण्याच्या दुकानापर्यंतचं अंतर याहून जास्त आहे. फिन्यों रेषा ओलांडून रस्त्यावरच कोसळला.

आता समीक्षक म्हणून माझं म्हणणं ऐका. त्या दिवशी फिन्यों वाईट चालवत होता असं सगळे समजतात. तो त्या टप्प्यात तिसरा आला! उरलेल्या सगळ्यांत त्याच्यापुढे फक्त दोघे. गळू घेऊन, बोडक्याने, ताशी साडेबावन्न किलोमीटरच्या वर वेगाने. परीक्षेत तिसरा आलेला मुलगा घरी येऊन रडला तर आपण त्याला समजावतो. फिन्योंला पुढची एकवीस वर्षं कोणी समजावू शकलं नाही. दोन टूर जिंकलेला हा माणूस २०१० मध्ये पन्नाशीत कर्करोगाने गेला, आणि तेव्हाही मृत्युलेखांत ते आठ सेकंद होतेच.

टाइम ट्रायलला इंग्रजीत 'सत्याची शर्यत' असं एक भारदस्त नाव आहे. मला ते पटत नाही. सत्य असं असतं का, की त्याला पुढे दोन दांड्या लावल्या की ते अठ्ठावन्न सेकंद लवकर पोचतं? सकाळी सुटलेल्याला पाऊस लागतो, दुपारी सुटलेल्याला कोरडा रस्ता मिळतो. याला वारा समोरून, त्याला पाठीमागून. फ्रेंच लोक मात्र साधं म्हणतात: 'घड्याळाविरुद्ध'. ते बरोबर आहे. घड्याळाला सत्याशी कर्तव्य नसतं. त्याला फक्त पुढे सरकायचं असतं.

याची साक्ष त्याच वर्षी पहिल्याच दिवशी मिळाली होती. आदल्या वर्षीचा विजेता, स्पेनचा पेद्रो देल्गादो, लक्झेंबर्गमध्ये सुरुवातीच्या छोट्या टाइम ट्रायलला अंग गरम करायला म्हणून आसपासच्या रस्त्यांवर गेला आणि सुटण्याच्या जागी परत आला तो दोन मिनिटं चाळीस सेकंद उशिरा. आपल्याकडे प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले तरी त्यांच्यासाठी समई तेवत ठेवतात. तिथे घड्याळ चालू झालं होतं. देल्गादो शेवटी तिसरा आला, साडेतीन मिनिटांच्या अंतराने. बिचाऱ्याचा एकतीस मार्च एक एप्रिललाच होऊन गेला होता.

या आठ सेकंदांनी मार्ग आखणारे इतके खूश झाले असतील, की आता दर वर्षी हाच प्रयोग लावतील असं वाटावं. पण त्यांनी शेवटच्या दिवसाची मिरवणूक पुन्हा सुरू केली आणि टाइम ट्रायल मध्येच कुठेतरी, चांगल्या लांबलचक ठेवल्या. तेवढ्यात स्पेनमधून मिगेल इंदुराइन नावाचा उंचापुरा, शांत गृहस्थ आला. १३ जुलै १९९२ ला लक्झेंबर्गमध्ये पासष्ट किलोमीटरची टाइम ट्रायल होती. इंदुराइनने ती जिंकली, आणि दुसरा आला तो तीन मिनिटांनी. तोही त्याच्याच संघातला. इंदुराइनच्या सहा मिनिटं आधी सुटलेल्या एकाला त्याने वाटेत गाठून मागे टाकलं. तो एक म्हणजे आपला फिन्यों.

१९९१ ते १९९५ अशा पाच टूर इंदुराइनने ओळीने जिंकल्या. या पाच वर्षांत टूरमध्ये त्याने जेवढे टप्पे जिंकले, ते सगळे टाइम ट्रायलचे. एकही साधा टप्पा नाही. टाइम ट्रायलला मिनिटं कमवायची आणि डोंगरात ती जपायची. पोस्टात ठेव ठेवून व्याजावर जगणाऱ्या पेन्शनरासारखा त्याचा संसार. माणूस म्हणून त्याच्याबद्दल वाईट बोलणारा मला अजून भेटलेला नाही. पण प्रेक्षक म्हणून सांगतो, नवव्या दिवशीच खाती बंद झाल्यावर उरलेले बारा दिवस माणसाने काय बघायचं? सूर्यफुलांची शेतं आणि किल्ले. आमची ही ते आवडीने बघते, पण तिची गोष्ट वेगळी.

म्हणून माझं मत असं, की लांब टाइम ट्रायल मध्यावर ठेवणं म्हणजे रहस्यकथेत दुसऱ्याच प्रकरणात खुनी पकडून देणं. टाइम ट्रायल हवी ती शेवटाला, आणि आखूड. मोठी असेल तर ती ज्याला तेवढं एकच येतं त्याला सगळं देऊन टाकते. आखूड असेल तर ती फक्त विचारते, की तीन आठवड्यांनी तुमच्याकडे उरलंय काय? १९६८ मध्ये हॉलंडचा यान यान्सेन अशाच शेवटच्या दिवशीच्या टाइम ट्रायलने अडतीस सेकंदांनी टूर जिंकला होता. पण ती होती पंचावन्न किलोमीटरची. मला त्यातलं निम्मंच अंतर पुरे.

यावर बँक मॅनेजरांचा आक्षेप असा, की शेवटाला ठेवली म्हणून रंगत येईलच कशावरून? आक्षेप रास्त आहे. २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक होतं म्हणून टूर नीस शहरात संपवली आणि १९८९ नंतर पहिल्यांदाच शेवटच्या दिवशी टाइम ट्रायल ठेवली. मोनॅको ते नीस, समुद्राकाठचा सुंदर रस्ता. पण स्लोव्हेनियाचा ताडेय पोगाचार आदल्या दिवशीच पाच मिनिटांनी पुढे होता. टाइम ट्रायल त्यानेच जिंकली आणि अंतर सहा मिनिटांच्या वर नेलं. कार्यक्रमपत्रिकेवर 'उत्कंठा, सायंकाळी सहा वाजता' असं छापता येत नाही, हे खरंच.

पण चार वर्षांपूर्वी याच पोगाचारने जे केलं होतं, ते पाहिलेला माणूस माझ्या बाजूने बोलेल. ती टूर करोनामुळे सप्टेंबरवर गेली होती. पिवळी जर्सी प्रिमोझ रोग्लिचकडे. तोही स्लोव्हेनियाचाच, पूर्वी बर्फावरच्या उंच घसरगुंडीवरून स्की लावून उड्या मारायचा, मोठेपणी सायकलकडे वळला. त्याचा संघ त्या वर्षी सगळ्यांत बलाढ्य. दोन आठवडे घोळक्याच्या तोंडाशी हेच, एकामागून एक, कारखान्याच्या पट्ट्यासारखे. आणि रोग्लिच त्यांच्या मागे सुखरूप. पोगाचार एकवीस वर्षांचा पोरगा. संघ यथातथा. तो रोग्लिचच्याच मागे बसून येत होता, म्हणजे दुसऱ्याच्या वऱ्हाडात जेवून घेत होता म्हणा ना. अंतर सत्तावन्न सेकंद.

शेवटून दुसरा दिवस, १९ सप्टेंबर. ३६.२ किलोमीटर, त्यातले शेवटचे सहा-एक किलोमीटर ला प्लांश दे बेल फीय नावाच्या डोंगरावर छातीवरचा चढ. त्या दिवशी वऱ्हाड कामाचं नव्हतं. संघातले दोघे, डुमुलाँ आणि व्हान आर्ट, आपापली टाइम ट्रायल उरकून, आणि तीही उत्तम मारून, वर डोंगरावर टीव्हीसमोर बसले होते. कॅमेरा मधूनमधून त्यांच्यावर जायचा. आधी ते बोलत होते. मग बोलायचे थांबले. मग नुसते बघत राहिले. ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांचे चेहरे तसे असतात. इतके दिवस ज्याच्यासाठी वारं खाल्लं, त्याच्यासाठी आज करता येण्यासारखं काहीच नाही.

आणि तिकडे रोग्लिच चढावर. पिवळं हेल्मेट कपाळावर वाकडं सरकलेलं, कोण्या लहान मुलाला मोठ्या भावाची टोपी घातल्यासारखं. तो वाईट चालवत होता का? पाचवा आला. पण पोगाचार त्याच्यापेक्षा एक मिनिट छप्पन्न सेकंद आधी पोचला होता. सत्तावन्नची आघाडी गेली आणि वर एकोणसाठ सेकंदांचं कर्ज झालं. पोगाचारचा बाविसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता.

सौ.चं मत रोग्लिचच्या बाजूने. "एवढ्या लोकांनी एवढं केलं, ते सगळं एका तासात पुसून टाकायचं, हा काय न्याय?" मला उलट वाटतं. एवढ्या लोकांनी एवढं केलं तरी शेवटी त्या एका माणसाच्या पायांत किती आहे, हे बघायला एक तास तरी नको का? आमचा वाद तिथेच आहे. तिच्या बाजूने एवढं म्हणता येईल, की रोग्लिच पाहताना मीही चहा घ्यायचा विसरलो होतो.

त्यानंतर तीन वर्षांनी, २७ मे २०२३ रोजी, इटलीच्या जिरोमध्ये हेच पान पुन्हा उघडलं. या वेळी रोग्लिच मागे होता, सव्वीस सेकंदांनी, आणि पुढे होता वेल्सचा गेरेंट थॉमस, दोनच दिवसांपूर्वी सदतीस पूर्ण झालेला. शेवटून दुसरा दिवस, मोंते लुसारीच्या डोंगरावर टाइम ट्रायल, वर माथ्यावर देवीचं देऊळ म्हणावं तसं यात्रेचं चर्च. स्लोव्हेनियाची हद्द जवळच, त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रोग्लिचचेच गाववाले. आणि ऐन चढावर रोग्लिचची चेन पडली.

चेन पडणं काय असतं, ते आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. सायकल बाजूला घ्यायची, काळे हात करायचे, आणि तेवढ्यात ओळखीचं कोणी जाऊ नये म्हणून प्रार्थना करायची. रोग्लिचच्या बाबतीत ओळखीचंच कोणी होतं. बाजूच्या गर्दीतून एकजण धावत आला आणि त्याने ढकलून त्याला मार्गी लावलं. तो निघाला रोग्लिचचा पूर्वीच्या उड्या मारण्याच्या दिवसांतला जोडीदार. चेन पडूनही रोग्लिच थॉमसपेक्षा चाळीस सेकंद आधी पोचला. जिरो त्याने चौदा सेकंदांनी जिंकली.

मला थॉमसची काळजी वाटली. फिन्योंचे आठ सेकंद ज्याने पाहिले, त्याला वाटणारच. दुसऱ्या दिवशी रोममध्ये शेवटचा टप्पा होता, मिरवणुकीचा. थॉमसच्या दृष्टीने तो नुसता उरकायचा. त्याच घोळक्यात मार्क कॅव्हेंडिश होता, थॉमसचा जुना दोस्त. वय अडतीस, आणि यंदाचं हे शेवटचंच वर्ष असं त्याने त्याच आठवड्यात जाहीर केलं होतं. (पुढे विचार बदलून तो थांबला नाही, आणि २०२४ मध्ये टूरमधला पस्तिसावा टप्पा जिंकून विक्रम करून गेला.) कॅव्हेंडिशचा संघ वेगळा, थॉमसचा वेगळा. कॅव्हेंडिशच्या मदतीला त्याचे स्वतःचे गडी शेवटी पुरे पडत नव्हते. अखेरच्या पल्ल्यात घोळका पिसाळायला लागला, तेव्हा एकाएकी थॉमस मागून वर आला, कॅव्हेंडिशच्या पुढे जाऊन खाली वाकला आणि सगळं वारं स्वतःच्या अंगावर घेऊन जिवाच्या आकांताने सायकल हाणायला लागला. आदल्या दिवशी चौदा सेकंदांनी जिरो हरलेला माणूस. कॅव्हेंडिश त्याच्यामागून बिनघोर आला, शेवटी सुटला आणि जिंकला. थॉमसच्या खात्यावर त्या दिवशी एकही सेकंद जमा झाला नाही.